‘आमचे’ पूर्वज आणि ‘आपले’ पूर्वज : ‘एल्डर स्क्रोल्स’मधील देवकथा व एल्फवंश

१

देवांच्या वर्गाला नाव देताना भाषा बहुधा त्या वर्गाच्या एखाद्या गुणाचा आश्रय करतात. संस्कृतातील ‘देव’ हा शब्द आकाश व तेज या कल्पनांशी निगडित आहे. ‘अमर’, ‘निर्जर’ ही नावे मृत्यू व जरा यांच्या अभावावरून पडलेली आहेत. ‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणकीय खेळमालेतील एल्फ लोकांच्या भाषेत मात्र देवांच्या दोन प्रमुख वर्गांना मिळालेली नावे गुणावरून नसून नात्यावरून आहेत. ‘एड्रा’ म्हणजे बोलणाऱ्यांचे पूर्वज आणि ‘डेड्रा’ म्हणजे बोलणाऱ्यांचे पूर्वज नसलेले. खेळातील ‘एड्रा आणि डेड्रा’ याच नावाच्या एका छोटेखानी पुस्तकात हा अर्थ दिलेला आहे.

हा अर्थ मराठीत आणावयाचा झाल्यास अनुवादकापुढे पहिल्याच शब्दाला अडचण उभी राहते. मूळ इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामासाठी ‘आमचे’ हा शब्द योजावा की ‘आपले’? मराठीत ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. हा भेद संस्कृतात नव्हता व इंग्रजीतही नाही. अनेक द्राविडी भाषांत तो आहे, आणि मराठीतील त्याची वाढ त्या भाषांच्या सान्निध्याशी जोडली जाते. इंग्रजीत जे संदिग्ध राहू शकते ते मराठीत संदिग्ध ठेवता येत नाही. ‘आमचे पूर्वज’ म्हणणारा एल्फ समोरच्या मनुष्याला त्या वंशावळीबाहेर ठेवतो. ‘आपले पूर्वज’ म्हणणारा त्याला आत घेतो.

ही अडचण केवळ अनुवादाची नाही. या खेळमालेतील देवकथांचे वैविध्य बऱ्याच अंशी या एका सर्वनामाच्या व्याप्तीवरून उलगडते, असे येथे दाखवावयाचे आहे. कोणता देव सज्जन व कोणता दुष्ट हा तेथील मुख्य वाद नव्हे. ‘पूर्वज’ हा शब्द उच्चारताना कोणाला धरावयाचे व कोणाला वगळावयाचे, हा तो वाद आहे.

२

ज्यांचा या खेळांशी परिचय नाही अशा अभ्यासकांसाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. अमेरिकेतील बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या कंपनीने १९९४ साली ‘अरीना’ या खेळाने या मालेस प्रारंभ केला. ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) व ‘स्कायरिम’ (२०११) हे त्यातील पुढचे प्रमुख खेळ. टॅमरिएल नावाच्या कल्पित खंडात खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन वावरतो. घरांतून, मठांतून, गुहांतून त्याला शेकडो पुस्तके सापडतात. ती वाचलीच पाहिजेत असे नाही. परंतु देवांविषयी आणि वंशांविषयी जे काही कळते ते मुख्यतः या पुस्तकांतून आणि पात्रांच्या संभाषणांतूनच कळते. सर्वज्ञ निवेदक येथे नाही. प्रत्येक पुस्तकाला त्याचा कर्ता आहे, कर्त्याला त्याचा देश, धर्म व स्वार्थ आहे.

या पद्धतीचे महत्त्व तिच्या पूर्वसूरींशी तुलना केली असता स्पष्ट होते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली निघाला आणि भूमिकाप्रधान खेळांची परंपरा त्यापासून सुरू झाली. त्याचा देवताविषयक ग्रंथ १९८० साली ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात एल्फांचा देव कोरेलॉन लारेथियन आहे, ऑर्कांचा एकाक्ष देव ग्रूम्श आहे, आणि निरनिराळ्या देशांच्या देवमंडळांबरोबर इंद्र, अग्नी आदी भारतीय देवताही आहेत. प्रत्येक देवतेपुढे तिचे चिलखत किती अभेद्य आहे व ती किती आघात सोसू शकते याचे आकडे मांडलेले आहेत. देवता हा तेथे माहितीचा विषय आहे. ग्रंथकार सांगतो तसे ते आहे. त्यावर तंटा संभवत नाही.

जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या सृष्टीची गोष्ट वेगळी. ऑक्सफर्डच्या या भाषाशास्त्रज्ञाने एल्फांच्या भाषा रचल्या आणि त्या भाषांना इतिहास व भूगोल पुरविला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) व मरणोत्तर प्रसिद्ध झालेले ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) यांतून ती सृष्टी उभी राहते. तेथे एल्फ ही सृष्टिकर्त्याची ज्येष्ठ लेकरे आणि मनुष्य ही कनिष्ठ लेकरे. एल्फ अमर व मनुष्य मर्त्य, हा भेद त्या कर्त्याच्या संकल्पातून आलेला आहे. वलार या देवतुल्य शक्तींचे वंशज असल्याचा दावा एल्फ करीत नाहीत. ‘एल्डर स्क्रोल्स’मधील आल्टमेर, म्हणजे उच्च एल्फ, नेमका हाच दावा करतात. टॉल्कीन यांच्याकडे जो भेद विधिलिखित आहे तो येथे वंशावळीचा प्रश्न होतो. आणि वंशावळ म्हटली की ती कोणी लिहिली, हेही विचारावे लागते.

३

वंशनामांपासून आरंभ करणे सोयीचे आहे. ‘एल्फ’ हा शब्द या खंडात मनुष्यांच्या तोंडचा आहे. त्या लोकांची स्वतःची संज्ञा ‘मेर’ अशी असून तिचा अर्थ ‘लोक’ असा होतो. तीपासून आल्टमेर (उच्च लोक), बॉस्मेर (वनवासी लोक), डन्मेर (कृष्णवर्णी लोक), फाल्मेर (हिमलोक), ड्वेमेर (गहन लोक), ऑर्सिमेर (बहिष्कृत लोक) ही नावे साधली आहेत. सर्वांचा आद्य वंश तो आल्ड्मेर.

आपल्या जमातीला ‘माणसे’ किंवा ‘लोक’ एवढेच नाव देणे ही वास्तव जगातही सुपरिचित रीत आहे. मेळघाटातील कोरकू जमातीचे नाव ‘कोर’ म्हणजे माणूस या शब्दाला ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय लागून झालेले आहे. या नामकरणात इतरांविषयी तुच्छता असतेच असे नाही. पण जेव्हा शेजारच्या समूहांना त्याच नामव्यवस्थेत जागा द्यावी लागते, तेव्हा ‘लोक’ या शब्दाची मर्यादा कळते. मनुष्यजाती ‘मेर’ नव्हेत. उलट ऑर्क हे ज्यांना राक्षसासारखे भासतात तेही त्यांना ‘ऑर्सिमेर’ म्हणताना ‘मेर’ हा घटक गाळू शकत नाहीत. वाळीत टाकलेलाही जातीतलाच असतो. जो जातीत नाही त्याला वाळीत टाकता येत नाही. नावाच्या पूर्वार्धात बहिष्कार आणि उत्तरार्धात नात्याची कबुली, असा हा समास आहे.

‘ड्वेमेर’चे उदाहरण आणखी वेगळे. सामान्य इंग्रजी व्यवहारात या लोकांना ‘ड्वार्फ’, म्हणजे बुटके, म्हटले जाते. वस्तुतः ते उंचीने बुटके नव्हते. नावामुळे वाचकाची जी अपेक्षा बनते ती मूळ शब्दाकडे गेल्याखेरीज दुरुस्त होत नाही. नावे अर्थ सांगतात आणि अर्थ झाकतातही, याची जाणीव लेखकांना आहे.

४

आता देवांकडे वळू. ‘मोनोमिथ’ नावाच्या खेळातील एका ग्रंथात निरनिराळ्या लोकांच्या सृष्ट्युत्पत्तिकथा एकत्र दिल्या आहेत. त्यांचा सामाईक सांगाडा असा : आरंभी अनेक आद्य चैतन्ये होती. त्यांपैकी लॉरखान नावाच्या एकाने मर्त्य जग निर्माण करण्याची कल्पना काढली आणि इतर काहींना तीत ओढले. ज्यांनी भाग घेतला त्यांची शक्ती त्या निर्मितीत खर्ची पडली. ते ‘एड्रा’ होत. ज्यांनी भाग घेतला नाही ते ‘डेड्रा’. त्यांची शक्ती शाबूत राहिली, मात्र नवनिर्मितीचे सामर्थ्य त्यांना नाही. एड्रांना मरण येऊ शकते, डेड्रांना ते येत नाही.

म्हणजे उत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही वर्ग एकाच कुळातले आहेत. त्यांच्यात जो भेद झाला तो एका कृतीमुळे झाला. आणि त्या भेदाला नाव मिळाले ते मात्र त्या कृतीवरून नव्हे, तर बोलणाऱ्याशी असलेल्या नात्यावरून. येथे वैदिक व अवेस्ती परंपरेतील शब्दजोडीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ऋग्वेदाच्या प्राचीन भागात ‘असुर’ हे वरुणादी देवांचे गौरवपर अभिधान होते. इराणात ‘अहुर’ हा शब्द परमेश्वरवाचक राहिला आणि ‘दएव’ हा दुष्टशक्तिवाचक झाला. भारतात त्याच्या उलट घडले. पुढे ‘असुर’ शब्दातील आद्य ‘अ’ हा नकारार्थी समजला जाऊन ‘सुर’ हा नवाच शब्द जन्मास आला. ‘एड्रा’ व ‘डेड्रा’ यांतही दुसरा शब्द पहिल्याचा नकार आहे. परंतु साम्य येथेच संपते. ब्राह्मणग्रंथांत देव आणि असुर ही दोन्ही प्रजापतीची अपत्ये आहेत; त्यांचे आपसातले नाते तेथे सांगितलेले आहे, आणि सांगणारा त्या नात्याबाहेर आहे. ‘एड्रा’ या शब्दात सांगणारा स्वतःच वंशावळीत बसलेला आहे. त्याला उठविले तर शब्दाला अर्थच उरत नाही.

आल्टमेरांच्या कथेत लॉरखान हा कपटी आहे. त्याने पूर्वजांना फसविले, त्यांचे देवत्व हिरावले, आणि त्यांच्या क्षीण होत गेलेल्या संततीला मरणाच्या जगात लोटले. त्यांचा श्रेष्ठ देव ऑरी-एल याने स्वर्गाकडे परत जाण्याचा मार्ग दाखविला. ट्रिनिमॅक या वीरदेवाने लॉरखानचे हृदय उपटून काढले, पण ते हृदय नष्ट होईना. या कथेचा स्थायी भाव शोक आहे. जगाची निर्मिती हीच येथे हानी आहे, आणि वंशाभिमान हा त्या हानीतून उरलेला एकमेव ठेवा आहे. आल्टमेरांचा ‘आमचे’ हा शब्द म्हणूनच इतका आवळलेला आहे. जे हरवले त्यावर हक्क सांगण्यासाठी वारसांची यादी लांबवून चालत नाही.

मनुष्यजातींच्या कथांत घटना तीच, पण मूल्य उलटे. नॉर्डांचा शोर आणि सिरोडिलचा शेझार हे लॉरखानचेच अवतार मानले जातात. त्यांच्या दृष्टीने जगाची निर्मिती हे दान होते, फसवणूक नव्हती. नॉर्ड स्वतःला आकाशाची लेकरे म्हणवितात. आकाशाने भूमीवर श्वास टाकला तेव्हा आपण जन्मलो, अशी त्यांची समजूत आहे. ज्यांना गमावण्यासारखे काही नव्हते त्यांना जन्म हा लाभच वाटणार. रेडगार्डांच्या कथेत मात्र हाच लॉरखान ‘सेप’ नावाचा भुकेला सर्प होऊन येतो आणि तेथेही तो फसवणूक करणाराच ठरतो. अर्थात मनुष्य आणि एल्फ अशी सरळ दुफळी येथे पडत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या पाठभेदांपैकी खरा कोणता? खेळणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रयत्न सर्व पाठ जुळवून एक प्रमाण वृत्तान्त सिद्ध करण्याकडे असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे अशीच एक श्रद्धा होती : हस्तलिखिते भिन्न असली तरी उपलब्ध साक्षीवरून त्यांच्या मागच्या जुन्या पाठापर्यंत जाता येते. ती श्रद्धा तेथे सार्थ होती, कारण पाठभेद काळाच्या ओघात पडलेले होते. ‘मोनोमिथ’मधील पाठभेद मुळातच पाठभेद म्हणून लिहिलेले आहेत. त्यांच्या मागे मूळ संहिता नाही. तेव्हा येथे समीक्षकाने ‘मूळ कोणते’ असे न विचारता ‘या पाठाने कोणाला नात्यात घेतले’ असे विचारणे फलदायी ठरते.

५

या प्रश्नाचे सर्वांत समृद्ध उत्तर ‘मॉरोविंड’ या खेळात मिळते. केन रोल्स्टन हे त्याचे प्रमुख रचनाकार होते आणि मायकेल कर्कब्राइड यांच्या लेखनाचा त्याच्या देवकथांवर मोठा ठसा आहे. डन्मेरांचे पूर्वज चायमेर, म्हणजे पालटलेले लोक, हे एके काळी आल्टमेरांतच होते. वेलोथ नावाच्या द्रष्ट्याच्या मागे ते मायदेश सोडून पूर्वेकडे गेले. त्यांचा बंडाचा मुद्दा धर्माचा होता. त्यांनी एड्रांची उपासना टाकली आणि बोएथिया, अझुरा व मेफाला या डेड्रांना आराध्य मानले.

शब्दार्थाच्या दृष्टीने ही घटना विलक्षण आहे. ‘आमचे पूर्वज नसलेले’ हेच आमचे, असे एका समूहाने ठरविले. वंशावळ ही जन्माने मिळते ही आल्टमेरांची धारणा. ती निवडता येते ही चायमेरांची. मराठी वाचकाला येथे दत्तकविधानाची कल्पना जवळची वाटेल. दत्तक घेताना सामान्यतः पूर्वज संततीची निवड करतात. चायमेरांनी संतती होऊन पूर्वज दत्तक घेतले. शिवाय हे लोक पितरांचे कट्टर उपासक आहेत. मॉरोविंडच्या भूमीवर जागोजागी घराण्यांची थडगी आहेत, आणि लाल पर्वताभोवतीचे संरक्षक कुंपणही मृत पूर्वजांच्या आत्मबलावर उभे आहे. वंशाची जाणीव त्यांनी टाकली नाही. तिचा उगम बदलला. महाराष्ट्रात कुलदैवत हे कुळाचे असते आणि कुळही त्या दैवताने ओळखले जाते. डन्मेरांच्या घराण्यांत देव व कूळ यांचे असेच परस्परावलंबन दिसते, फक्त त्याला विद्रोहाची धार आहे.

पुढे वीवेक, आल्मलेक्सिया व सोथा सिल हे तीन मर्त्य लॉरखानच्या हृदयाच्या शक्तीने देवत्व पावले. त्यांच्या देवळाने पूर्वीचे तीन डेड्रा रद्द केले नाहीत. ते या त्रयीचे ‘पूर्वसूचक’ होते असा सिद्धांत देवळाने मांडला : बोएथिया आल्मलेक्सियाची पूर्वसूचक, अझुरा सोथा सिलची, मेफाला वीवेकची. इतर चार डेड्रांना ‘संकटगृहाचे चार कोपरे’ असे नाव देऊन शत्रुपक्षात टाकण्यात आले. ‘पूर्वज’ या शब्दाच्या जागी ‘पूर्वसूचक’ हा शब्द आला, आणि वंशावळीचे इतिहासमीमांसेत रूपांतर झाले. आधीचे जे होते ते नंतरच्यांसाठी होते, असे म्हटले की वारसा उलट दिशेने वाहू लागतो. नव्या सत्तेने जुन्या दैवतांना आपल्या आगमनाची वर्दी देणारे ठरविणे ही रीत वास्तव धर्मेतिहासातही अपरिचित नाही. ती येथे शुष्क माहितीच्या रूपाने न येता देवळाच्या प्रचारभाषेतून व तिला विरोध करणाऱ्या भटक्या ॲशलँडर टोळ्यांच्या कथांतून येते. नेरेवार या सेनापतीचा मृत्यू कसा झाला, त्याच्या तीन सोबत्यांनीच त्याचा घात केला काय, याविषयी देऊळ एक सांगते आणि टोळ्या दुसरे. ज्याच्या पुनर्जन्माची भूमिका खेळणारा घेतो त्या नेरेवारच्या मृत्यूचा निकाल खेळ शेवटपर्यंत देत नाही.

६

दोन वंश या व्यवस्थेच्या कडेला उभे आहेत, आणि व्यवस्थेची मर्यादा तेच दाखवितात.

ऑर्सिमेरांचा देव ट्रिनिमॅक हा एड्रांपैकी होता. कथेप्रमाणे बोएथियाने त्याला गिळले आणि त्यातून मालाकाथ हा डेड्रा निर्माण झाला. त्याचे अनुयायी ऑर्क झाले. म्हणजे जो ‘आमचा पूर्वज’ होता तोच ‘आमचा पूर्वज नसलेला’ झाला. नात्याचे नाव जर कायमचे असते तर हे घडू शकले नसते. ‘एड्रा’ व ‘डेड्रा’ ही जन्मजात लक्षणे नसून संबंधदर्शक पदे आहेत याचा हा अंतर्गत पुरावा होय. खेळमालेच्या इतिहासातही याचे प्रतिबिंब आहे : ‘अरीना’ व ‘डॅगरफॉल’मध्ये ऑर्क हे मारावयाचे शत्रू होते, ‘मॉरोविंड’पासून ते खेळणाऱ्याने स्वीकारावयाच्या भूमिकांपैकी एक झाले. वाळीत टाकलेल्याला प्रथमपुरुषी सर्वनाम मिळाले.

ड्वेमेरांनी देवांशी नातेच नाकारले. उपासनेच्या जागी त्यांनी यंत्रविद्या व तर्क ठेवला, आणि स्वतःचा देव स्वतःच घडविण्याचा उद्योग आरंभिला. प्रथम युगाच्या ७०० व्या वर्षी, लाल पर्वताच्या लढाईच्या वेळी, तो सारा वंश एकाएकी नाहीसा झाला. त्याचे कारण निश्चित सांगितलेले नाही. ज्यांनी ‘आमचे पूर्वज’ म्हणण्याचे नाकारले त्यांच्यामागे ‘आमचे पूर्वज’ म्हणून त्यांची आठवण काढणाराही कोणी उरला नाही, एवढे मात्र खरे.

७

आतापर्यंत ‘आमचे’ या शब्दाची निरनिराळी रूपे पाहिली. ‘आपले’ म्हणण्याचा प्रयत्नही या इतिहासात झालेला आहे आणि तो राज्यकर्त्यांकडून झाला. प्रथम युगाच्या २४३ व्या वर्षी सिरोडिलमधील मनुष्यांनी आयलीड एल्फांची गुलामी झुगारली. बंडाची नायिका अलेशिया हिच्यापुढे अडचण अशी होती की तिच्या प्रजेला धन्यांच्या, म्हणजे एल्फांच्या, देवांची सवय होती. तिच्या मित्रपक्षाला, म्हणजे नॉर्डांना, त्या देवांचा तिटकारा होता. तिने दोहोंच्या देवमंडळांचा मेळ घालून आठ देवांचे नवे मंडळ सिद्ध केले. एल्फांचा ऑरी-एल हा तेथे अकातोश झाला. शोर हा एल्फद्वेष्टा योद्धा त्या रूपात चालण्यासारखा नव्हता. तो सौम्य होऊन मनुष्याच्या सर्व उद्योगांमागील प्रेरणा म्हणून उरला. ‘शेझार आणि देवगण’ या पुस्तकात ही हकिकत एका साम्राज्यनिष्ठ पंडिताच्या शांत भाषेत येते. ‘आपले’ हा शब्द येथे तडजोडीतून निघाला आहे. त्यात कोणाचेच पूर्वज पुरते ओळखू येत नाहीत. म्हणूनच तो दीर्घकाळ टिकला.

या मंडळात पुढे नववा देव आला तो टालोस, जन्माने मनुष्य असलेला सम्राट. ‘स्कायरिम’च्या कथेत चतुर्थ युगाच्या १७५ व्या वर्षी झालेल्या तहाने एल्फांच्या थाल्मोर सत्तेने साम्राज्याला टालोसची उपासना बंद करावयास भाग पाडले. राजकीय कारणे बाजूस ठेवली तरी या बंदीचा धर्मशास्त्रीय अर्थ स्पष्ट आहे. जो देव कोणा एल्फाचा पूर्वज असूच शकत नाही तो देव नव्हे, असे ‘एड्रा’ या शब्दाच्या मूळ अर्थावरून निष्पन्न होते. अलेशियाने ‘आपले’ केलेले मंडळ थाल्मोर पुन्हा ‘आमचे’ करू पाहतात.

विषयाच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे. निर्वाह मात्र उणा पडला आहे. आल्टमेरांच्या उत्पत्तिकथेतील शोक ‘स्कायरिम’मध्ये फारसा ऐकू येत नाही. थाल्मोर हे बहुतांशी छळ करणारे अधिकारी म्हणूनच दिसतात. त्यांचा ‘आमचे’ हा आग्रह कोणत्या हानीतून आला हे ज्याने जुनी पुस्तके वाचलेली नाहीत त्याला कळणार नाही. विरोधी पक्षाला त्याची कथा पूर्ण सांगू देणे हे ‘मॉरोविंड’चे सामर्थ्य होते, ते येथे क्षीण झाले आहे.

८

याहून मोठा आक्षेप संपूर्ण मालेवर घेता येतो. ‘मॉरोविंड’मध्ये खेळाच्या आरंभीच खेळणाऱ्यास दहा वंशांतून एक निवडावा लागतो. वंशाबरोबर आकडे येतात : आल्टमेरांना अधिक जादूशक्ती, ऑर्कांना रणावेश, आणि असेच इतरांना. पुस्तके ज्या वंशावळींविषयी भांडतात त्या निवडीच्या फलकावर निर्विवाद ठरतात. खेळातील वंशविषयक एका वैद्यकीय टिपणात मनुष्य व एल्फ यांच्या सर्व शाखांत परस्परांपासून प्रजननक्षम संतती होते असे नमूद आहे. ब्रेटन लोक तर उघडच मिश्र वंशाचे असून मनुष्यांत गणले जातात. ग्रंथांची साक्ष वंशभेदाच्या विरुद्ध आणि गणिताची साक्ष त्याच्या बाजूने, असा हा विसंवाद आहे.

हा दोष या मालेपुरता नाही. भूमिकाप्रधान खेळांच्या मूळ घडणीतून तो आला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने २०२४ च्या नियमग्रंथात ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ हा शब्द घातला. शब्द बदलल्याने अडचण कितपत दूर होते हा प्रश्नच आहे, कारण ‘स्पीशीज’ या संज्ञेत जन्मजात भेदाची कल्पना अधिकच पक्की आहे. ‘एल्डर स्क्रोल्स’च्या लेखकांनी निवडलेला मार्ग निराळा होता. आकडे ठेवून त्यांनी त्यांच्याभोवती आकड्यांवर विश्वास न ठेवणारे ग्रंथालय उभे केले. खेळणारा आल्टमेर म्हणून जन्म घेतो. मग हळूहळू त्याच्या वाचनात येते की ज्या वंशाने त्याला अधिक शक्ती दिली त्या वंशाची कथा ही अनेक कथांपैकी एक आहे. हे वाचन ऐच्छिक असल्यामुळे त्याचा परिणाम अनिश्चित राहतो. निवडीचा फलक मात्र प्रत्येकाच्या दृष्टीस पडतो. समतोल म्हणून पाहिले तर पारडे आकड्यांकडेच झुकते, हे मान्य केले पाहिजे.

९

असे असूनही या देवकथांचे वाङ्मयीन मोल कमी होत नाही. कल्पित देवमंडळे पुष्कळ रचली गेली आहेत. बहुतेकांत देवांची नावे, आयुधे, वाहने व अधिकारक्षेत्रे यांची यादी सिद्ध झाली म्हणजे काम संपते. येथे देवांच्या वर्गनामातच बोलणारा गोवलेला असल्यामुळे देवकथा उच्चारणे हीच एक सामाजिक कृती ठरते. कोणी ‘एड्रा’ म्हणताच त्याने स्वतःचे स्थान सांगितलेले असते आणि श्रोत्याचेही. भाषाशास्त्रात ज्यांना निर्देशक पदे म्हणतात, ज्यांचा अर्थ वक्ता, श्रोता व प्रसंग यांवाचून पुरा होत नाही, त्या वर्गात हे देवनाम मोडते.

मराठीत या ग्रंथांचा अनुवाद कधी झाल्यास अनुवादकाने ‘एड्रा’ या शब्दाला एकच प्रतिशब्द ठरवून तो सर्वत्र योजणे योग्य होणार नाही. आल्टमेर पुरोहिताच्या तोंडी ‘आमचे पूर्वज’ हवे. अलेशियाच्या दरबारी पंडिताच्या लेखणीतून ‘आपले पूर्वज’ यावे. डन्मेर वक्ता बोलू लागला म्हणजे ‘पूर्वज’ या शब्दाला जन्माऐवजी निवडीचा अर्थ यावा. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला आहे, ‘स्वतः’ या अर्थापासून निघून तो ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ या अर्थापर्यंत पोहोचला. टॅमरिएलच्या देवकथांत हा प्रवास अनेकदा सुरू झाला, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी तो मध्येच थांबविला. मराठी अनुवादात तो कोठे थांबला हे प्रत्येक सर्वनामागणिक दिसेल. इंग्रजीत ते दिसत नाही.